किंकाळीचा दर

पांडेसरा, सुरत
६ ऑगस्ट २०२४

आबा,

नमस्कार. मायशी फोनवर रोज बोलणं होतं, पण तुम्हाला सांगायचं ते मायकडून निम्मंच पोहोचतं. ती पाटीवर दोन शब्द लिहून तुमच्यापुढे धरते आणि उरलेलं हाताने सांगते, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र. मोबाइलवरची अक्षरं पळतात म्हणता, कागदावरची तरी जागच्या जागी राहतील.

बातमी चांगली आहे. मला आवाजाचं काम मिळालंय.

आमच्या मागच्या गल्लीत प्रवीण म्हणून एक जण राहतो, बमरोलीच्या लूमवाल्या महाजनांचा धाकटा. तो मोबाइलवर खेळायचे गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे, आवाज रेकॉर्ड करायच्या खात्यात. मी बालवाडीच्या गॅलरीतून पोरांना हाका मारते, त्या त्याच्या घरापर्यंत जातात. परवा भाजीच्या गाडीपाशी तो म्हणाला, "ताई, तुमचा गळा दमदार आहे. आमच्याकडे बायकांचे आवाज लागतात. याल का?"

महेशना विचारलं. ते म्हणाले, जाऊन तर बघ. त्यांच्या पलसाण्याच्या कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसमध्ये सध्या आठवड्यातून दोन दिवस काम बंदच असतं, त्यामुळे त्यांनाही बरं वाटलं.

काल गेले होते. वेसूला काचेची इमारत आहे. आत एक छोटी खोली, भिंतींना काळ्या गाद्या लावलेल्या, मधोमध माईक. दार लावलं की स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येतात. तासाचे आठशे रुपये देणार आहेत. आबा, तासाचे! बालवाडीत महिन्याचे साडेसहा हजार मिळतात. दुपारी मुलं गेल्यावर तीनला जायचं, सातपर्यंत घरी.

तुम्ही नेहमी म्हणायचात की पोरीच्या गळ्यात काहीतरी आहे. ते खरं निघालं.

तुमची
तारा


नरडाणा
१४ ऑगस्ट २०२४

चि. तारा, आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग मायला वाचून दाखवलं. मी मोठ्याने वाचतो तेव्हा फार ओरडतो असं तिचं म्हणणं. शेजारच्यांनीही ऐकलं म्हणे, त्यामुळे आता गावाला वेगळं सांगायची गरज राहिली नाही. तरी मी सांगितलंच. बन्सीलालच्या झेरॉक्सच्या दुकानात चार लोक बसतात, त्यांना म्हटलं, माझी तारा आता रेडिओसारखं काम करते, फक्त मोबाइलमध्ये. बन्सीलालने पावतीच्या मागे लिहून विचारलं, कोणता गेम? मला नाव माहीत नाही. पुढच्या पत्रात लिही.

काय बोलायला लावतात तेही लिही. गोष्ट असते का? कोण बाई असतेस तू त्यात, राणी का?

मला आता तुझं बोलणं ऐकू येत नाही त्याला अठरा वर्षं झाली. तुझा आवाज आठवतो तो दहावीच्या आधीचा. तो आठवून मी हे पत्र वाचलं.

माय विचारते, चार दिवस फोन का नाही?

आबा


पांडेसरा
२ सप्टेंबर २०२४

आबा,

घाईत लिहितेय. मायला सांगा, माझा फोन बिघडलाय. दुरुस्तीला दिलाय. महेश रोज त्यांच्या फोनवरून खुशाली कळवतील. मला जरा सर्दीही झाली आहे, घसा बसलाय, त्यामुळे बोलण्यात मजा नाही. काळजीचं काही नाही, ज्येष्ठमध चघळतेय.

काम पाच दिवसांचं होतं, झालं पूर्ण. राणी नव्हते. साधी गावातली बाई होते. गेमचं नाव इंग्रजी आहे, मलाही नीट म्हणता येत नाही.

तुमच्या गुडघ्याला तेल लावत चला.

तारा


नरडाणा
९ ऑक्टोबर २०२४

तारा,

तुझा फोन दोन महिने बिघडलेलाच आहे. जावईबापू फोनवर गोड बोलतात, पण तुझ्याकडे फोन दे म्हटलं की ती बाहेर गेलीय म्हणतात. मायने हे मला पाटीवर लिहून दाखवलं होतं. मी म्हटलं, असेल कामात.

परवा जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. समोर बन्सीलालचं दुकान. तो काउंटरवर मोबाइल धरून खेळत होता. एकदम तुझी माय घरातून पळत बाहेर आली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे. पायात चप्पल नाही. ती माझ्यासमोरून रस्ता ओलांडून गेली आणि तिने बन्सीलालच्या हातातून मोबाइल ओढला. मला काही कळेना. मी तिथे पोहोचेपर्यंत तिने त्याची गचांडी धरली होती.

नंतर बन्सीलालने लिहून सांगितलं की ती ओरडत होती, "मन्ही पोर शे ती! कोन मारी राहिना तिले?"

तो आधी हसला. मग घाबरला. मला पावतीवर लिहून दिलं, "धुडकूआप्पा, गेम आहे. खरं कोणी मरत नाही." मी पडद्यावर बघितलं. एक बाई, डोक्यावर पदर, गावाला आग लागलेली, मागून लोक भाले घेऊन येतात. ती पडते. तोंड उघडं. परत खेळलं की परत उभी राहते, परत पडते. मला काय, मी तोंडच बघणार.

बन्सीलाल तिला म्हणाला म्हणे, आवाज कुणाचाही असेल, मावशी. तुझी माय म्हणाली, नऊ वर्षांची असताना स्टोव्हवर पाय जळना तवय आशीच वरडनी व्हती. दुसऱ्या कुणाला असं ओरडता येणार नाही.

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी परत दुकानात गेली आणि त्याला म्हणाली, पुन्हा लाव. नीट ऐकलं आणि घरी येऊन पाटीवर लिहिलं: तीच.

तारा, तुझ्याकडून काय करून घेतलं ते मला लिही. सर्दीचं लिहू नकोस.

आबा


पांडेसरा
१७ ऑक्टोबर २०२४

आबा,

महेशना तुमचं पत्र वाचून दाखवता आलं नाही, त्यांनीच मला वाचून दाखवलं. कारण मला बोलता येत नाही. दोन महिने झाले.

सगळं सांगते.

पहिल्या दिवशी नुसतं वाचायला दिलं. तीनशे साधी वाक्यं, हिंदी. "पाणी थंड आहे." "माझ्या भावाला पाहिलंत का?" असली. मला मजा आली. विजयसर म्हणून तिथले मुख्य आहेत, ते काचेपलीकडून अंगठा दाखवायचे. मी म्हटलं, हेच का काम? ते म्हणाले, हा नमुना आहे, ताई, काम उद्यापासून.

दुसऱ्या दिवशी यादी दिली. चारशे बारा ओळी, आणि त्यात एकही शब्द बोलायचा नाही. भाला लागला, लहान. भाला लागला, मोठा. पाण्यात बुडताना. विष घेतल्यावर. उंचावरून पडताना, दोन सेकंद, मग चार सेकंद, मग आठ. जळताना वेगळं पान होतं. प्रत्येकाचे तीन-तीन नमुने. परदेशातली कंपनी तिकडून ऐकत असायची. त्यांना पसंत पडलं नाही की परत. आणि आबा, आठशे रुपये तासाचे खरे, पण पसंत पडलेल्या आवाजाच्या मिनिटांचे. चार तास ओरडून हिशोबात पाऊण तास धरला जायचा.

जळतानाचं मला जमेना. विजयसर म्हणाले, "ताई, हे खोटं वाटतं." तेव्हा मला स्टोव्ह आठवला. मायने ओळखलं ते बरोबर आहे. तो आवाज निघाला तेव्हा काचेपलीकडे सगळ्यांनी मान डोलावली. सर म्हणाले, "वा! हेच पाहिजे. आता असेच आणखी सहा."

सकाळी बालवाडी, दुपारी हे. चौथ्या दिवशी थुंकीत रक्त दिसलं. पाचव्या दिवशी मी माईकमध्येच सांगितलं, बस करू या, रक्त येतंय. सर आत आले, स्वतःच्या हाताने गरम पाणी दिलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, बत्तीस ओळी राहिल्यात. आज नाही झाल्या तर नवी बाई आणावी लागेल. मग तुमचं सगळं काढून टाकावं लागेल, आवाज जुळत नाही ना. काढून टाकलेल्याचे पैसे देता येत नाहीत." प्रवीण यंत्रापाशी बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

मी बत्तीस ओळी केल्या. शेवटून तिसऱ्या ओळीला घशात काहीतरी तुटलं. दुखलं नाही फार. नुसती हवा यायला लागली. ती हवाही त्यांनी घेतली, बुडण्यासाठी चालेल म्हणाले.

पाच दिवसांचे तीन हजार मिळाले.

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूत रक्त साकळून फोड आलाय. सहा आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजही नाही. मग ऑपरेशन. मी वही घेऊन फिरते. बालवाडीत पहिले आठ दिवस हातवारे करून निभावलं, मुलांना तो खेळच वाटला. मग मॅडमनी मयुरी नावाच्या मुलीला घेतलं. मला म्हणाल्या, "तारा, राग मानू नकोस. एवढ्या लहान मुलांना बोलणारी बाई लागते." त्यांचंही खरं आहे.

महेश कंपनीत जाऊन आले. दारावरच सांगितलं, तुमच्या मिसेस आमच्या नोकरीत नव्हत्या. चार खेपा झाल्यावर आता एक कागद आलाय. मदत म्हणून चाळीस हजार देतात. बदल्यात लिहून द्यायचं की गळा आधीपासूनच खराब होता, मुलांना शिकवून. आणि दुसरं एक पान आहे. त्या तीनशे वाक्यांवरून त्यांच्या यंत्राला माझा आवाज शिकवता येतो. पुढे माझ्याशिवायच तो आवाज काहीही बोलेल, कुठल्याही गेममध्ये, कायमचा. त्यालाही हो म्हणायचं.

दिवाळीच्या आत उत्तर हवंय. प्रवीण काल चोरून येऊन गेला. मी "रक्त येतंय" म्हटलेलं रेकॉर्डिंग त्याच्याकडे आहे, तारखेसकट. हवं तर देतो म्हणाला. त्याची नोकरी जाईल. तसा त्यालाही दोन महिने पगार नाही, आणि गेम बाहेर पडायच्या आधी तो तीन आठवडे तिथेच टेबलाखाली झोपत होता. त्याची आई सांगत होती.

मायला सांगा, मला कोणी मारलं नाही. मी स्वतःच्या पायाने जात होते.

तारा


नरडाणा
२१ ऑक्टोबर २०२४

तारा,

सही करू नकोस.

कारण सांगतो. हे मी मायलाही कधी सांगितलेलं नाही. आज तिच्यासमोर बसून लिहितोय, लिहून झालं की तिला वाचायला देणार.

माझे कान सुरतेच्या पुरानंतर आलेल्या तापाने गेले असं मी सगळ्यांना सांगत आलो. ताप आला होता हे खरं. पण कान त्याआधीच गेले होते. पुराच्या दोन वर्षं आधी, आपण सुरतेला होतो तेव्हा, यंत्रमागाच्या कारखान्यात कान तपासणारी गाडी आली होती. कुणीतरी सरकारकडे तक्रार केली असेल. आम्ही बावीस माणसं. मगन म्हणून मुकादम होता. तो आदल्या दिवशी म्हणाला, "जो पास तो कामावर, जो नापास तो घरी. शेठला बहिरा माणूस लूमवर नको, धोका असतो." म्हणजे लूमनेच बहिरं करायचं आणि लूमवरूनच काढायचं.

गाडीत एका पेटीत बसवलं, कानाला टोप्या लावल्या. आवाज आला की बटण दाबायचं. मला एकही आवाज आला नाही. समोर यंत्र चालवणारा पाठमोरा बसला होता. तो कळ दाबायचा तेव्हा त्याचं कोपर हलायचं. मी त्याच्या कोपराकडे बघून बटण दाबत गेलो. पास झालो. कागदावर सही केली की मला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू येतं. घरी येताना पाव किलो घारी आणली होती. तुला आठवत असेल.

आमच्यातला लोटू नापास झाला. त्याला कोपर सुचलं नाही. काढून टाकला. आम्ही त्याची कीव केली. आज तो शिरपूरला आहे, नातवाशी बोलतो. त्याचे कान जेवढे उरले होते तेवढे उरले.

पुढे मी भरपाई मागायला गेलो तेव्हा मगनने तोच कागद पुढे केला. सही माझीच होती. मी परत आलो.

प्रवीणचं रेकॉर्डिंग घे. वकील बघ. पैशाचं मी बघतो, म्हैस आहे.

आबा


पांडेसरा
६ नोव्हेंबर २०२४

आबा,

तुमचं पत्र दिवाळीआधीच्या शुक्रवारी आलं. मी ते तीनदा वाचलं. सोमवारी सही केली.

रागावू नका, आधी वाचा. वकिलाकडे गेलो होतो. तो म्हणाला, केस उभी राहील, पण आधी तुम्ही कामगार होतात का कलाकार, यावरच दोन-तीन वर्षं जातील. महेशची पाळी आता आठवड्यातून तीनच दिवस लागते. घशातला फोड जितका जुना होईल तितका कडक होतो, असं डॉक्टर म्हणतात. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं, पण नंबर फेब्रुवारीचा. तोपर्यंत घरभाडं कुणी द्यायचं? म्हैस विकू नका. माय काय करेल दिवसभर?

प्रवीणचं रेकॉर्डिंग मी घेतलं नाही. त्याचं लग्न ठरलंय.

विजयसरांच्या केबिनमध्ये अकरा पानांचा इंग्रजी कागद होता. प्रवीणला बोलावून मला वाचून दाखवायला लावला. तो वाचताना अडखळत होता. यंत्राचं पान आलं तेव्हा मी वहीत लिहून सरांपुढे धरलं: हे एक पान काढा, बाकी सगळ्यावर सही करते.

सरांनी ते वाचलं. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, पैसे त्याच पानाचे आहेत. बाकीची दहा तर नुसती सोबत आहे."

महेशनी टेबलाखाली माझा हात धरला होता. त्यांनी कर म्हटलं नाही, करू नकोसही म्हटलं नाही. मला नाही म्हणायचं असतं तर तेही लिहूनच दाखवावं लागलं असतं. मी पेन घेतलं.

तुम्ही मला घारीची, त्या सुरती मिठाईची, आठवण करून दिलीत. आठवते. तुम्ही त्या दिवशी खूप हसत होतात. मला वाटलं पगार वाढला. आबा, त्या गाडीत बसताना तुम्हाला कुणी माझ्यासारखं पत्र लिहिलं असतं, करू नका म्हणून, तर तुम्ही बटण दाबायचे थांबला असतात का? मी दोष देत नाही. खरंच विचारतेय.

मायने तुमचं पत्र वाचून काय केलं?

तारा


नरडाणा
१५ नोव्हेंबर २०२४

तारा,

नसतो थांबलो.

मायने पत्र वाचलं, उठून म्हशीला चारा घातला, परत येऊन पाटीवर लिहिलं, "कोपर कोणतं, डावं का उजवं?" मी म्हटलं, उजवं. मग ती बराच वेळ माझ्याजवळ बसली. अठरा वर्षं ती दर पौर्णिमेला माझ्या कानांसाठी उपास करत होती. या पौर्णिमेला तिने केला नाही.

रागावलेलो नाही. ऑपरेशनची तारीख कळव. मायला भुसावळ-सुरत गाडीत बसवून देतो. ती महिनाभर राहील.

आबा


पांडेसरा
९ मार्च २०२५

आबा,

माय सुखरूप पोहोचली हे महेशना फोनवर कळलं, त्यांच्याकडून मला कळलं. तिने तिकडे सगळं सांगितलं असेल, तरी मी लिहिते. तुमच्यापर्यंत निम्मंच पोहोचतं ना.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी नव्हती, टाके नव्हते, बाहेरून काही दिसत नाही. बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बोला. मी "माय" म्हटलं. मायने दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. मग तिच्या लक्षात आलं. तिने माझं तोंड पदराने पुसलं.

आवाज आलाय, पण तो खाली गेलाय. फुटक्या भांड्यात खडे हलवल्यासारखा. डॉक्टर म्हणतात, आता यापेक्षा फारसा बदलणार नाही. पाच-सहा वाक्यं बोलले की दम लागतो. बालवाडीत गेले होते. मॅडमनी खाऊ वाटायला आणि हजेरी भरायला ठेवलंय, साडेतीन हजारांवर. हजेरी मी भरते, नावं मयुरी पुकारते. लहान गटातली दोन मुलं मी बोलले की तिच्या मागे जातात. होईल सवय.

प्रवीणला काढलं. गेमचं काम संपलं तसे एका दिवसात चौदा जणांना मेसेज आले. राहिलेला पगार अजून दिलेला नाही. तो आता लग्नांच्या शूटिंगला आवाज जोडतो. माझ्यासमोर आला की मान खाली घालतो. मी त्याला म्हटलं, तू काही केलं नाहीस. ते सांत्वन झालं का टोमणा, मलाच कळलं नाही.

आता परवाची गोष्ट. हीच लिहायला बसले होते.

औषधं आणायला उधन्याला गेले होते. बसमध्ये गर्दी नव्हती. शेजारच्या सीटवर कामावरून सुटलेला एक माणूस मोबाइलवर खेळत होता. आणि मला मी ऐकू आले.

ओरडणं नव्हतं, आबा. बोलणं होतं. "आओ भैया, थोड़ा पानी पी लो. आगे रास्ता लंबा है." हे वाक्य मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही. पण माझा आवाज होता, गेल्या श्रावणातला. स्वच्छ, भरलेला, हसतोय की काय असा. मी मान वळवून बघितलं. पडद्यावर विहिरीपाशी एक बाई उभी होती. तो पुढे गेला की ती आणखी काही म्हणायची. रस्ता सांगायची. त्याचं नाव विचारायची.

माझा स्टॉप गेला. मी उतरले नाही. सही केली तेव्हा वाटलं होतं, हा आवाज कुठे भेटला तर मी कान झाकीन. पण मला तो ऐकायचा होता. नुसता ऐकत बसायचा होता. पुढे गाडीचा आवाज वाढला आणि नीट येईना, म्हणून मी त्या माणसाला म्हटलं, "भैया, आवाज थोडा वाढवा ना."

माझं बोलणं त्याला नीट समजलंच नसणार. घोगरी बाई काहीतरी करवादतेय एवढंच कळलं. तो ओशाळला. "सॉरी, आंटी," म्हणाला आणि खिशातून इअरफोन काढून त्याने कानात घातले.

ती बाई विहिरीपाशी बोलत राहिली. तिचं तोंड हलताना मला दिसत होतं. पुढचे चार स्टॉप मी ते बघत बसले.

तारा